भाषेचा मुक्काम : वैयक्तिक संगणकावर प्रोग्रॅमिंगच्या भाषा कशा बसत गेल्या

वैयक्तिक संगणकावर प्रोग्रॅमिंगची भाषा बसवायची म्हणजे दोन कामे करावी लागतात. त्या भाषेतले लिखाण समजून घेणारा इंटरप्रिटर किंवा त्याचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा कंपायलर यंत्रात आणून ठेवायचा, आणि त्याला लागणाऱ्या लायब्ररी त्याला सापडतील अशा जागी मांडायच्या. गेल्या पन्नास वर्षांत पहिले काम सोपे होत गेले, दुसरे मात्र अवघड होत गेले. या साऱ्या काळात एक प्रश्न सतत पुढे येत राहिला. यंत्रातली भाषा कोणाच्या ताब्यात असावी : यंत्र बनवणाऱ्याच्या, ऑपरेटिंग सिस्टिमच्या, की यंत्रावर बसून काम करणाऱ्याच्या?

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यातील अल्बुकर्की शहरात मिट्स नावाची छोटी कंपनी होती. तिचा अल्टेअर ८८०० हा संगणक जानेवारी १९७५ च्या ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ मासिकाच्या मुखपृष्ठावर आला. त्याला कीबोर्ड नव्हता, पडदाही नव्हता. समोरच्या पट्टीवर स्विचांची रांग आणि वर लुकलुकणारे दिवे, एवढाच यंत्राशी बोलण्याचा मार्ग. बिल गेट्स आणि पॉल ॲलन यांनी या यंत्रासाठी बेसिक भाषेचा इंटरप्रिटर लिहायला घेतला, तेव्हा त्यांच्यापाशी अल्टेअर नव्हताच. हार्वर्डमधल्या पीडीपी-१० या मोठ्या संगणकावर अल्टेअरच्या ८०८० प्रोसेसरची नक्कल उभी करून त्यांनी तो तयार केला. दशांश अपूर्णांकांच्या गणिताचा भाग माँटे डेव्हिडॉफ यांनी लिहिला. कागदी फितीवर छिद्रांच्या रूपात उतरवलेला हा इंटरप्रिटर घेऊन ॲलन अल्बुकर्कीला निघाले. फीत वाचून मेमरीत भरणारा छोटा प्रोग्रॅम, म्हणजे लोडर, लिहायचा राहून गेला आहे, हे विमानात त्यांच्या लक्षात आले. तो त्यांनी प्रवासातच कागदावर लिहून काढला.

या लोडरशिवाय फितीचा काही उपयोग नव्हता. अल्टेअर सुरू केला की त्याची मेमरी कोरी असायची. मग वापरणाऱ्याने लोडरचा एकेक बाइट आठ स्विच वर-खाली करून मांडायचा, तो मेमरीत टाकण्याचा स्विच दाबायचा आणि पुढच्या बाइटकडे वळायचे. एक स्विच चुकला तरी सगळे मुसळ केरात. लोडर बरोबर बसला की यंत्राला जोडलेल्या टेलिटाइप या टंकयंत्राच्या फीतवाचकात फीत लावायची. टेलिटाइप सेकंदाला दहा अक्षरे वाचत असे, त्यामुळे चार किलोबाइटचे बेसिक आत जायला सुमारे सात मिनिटे लागत. वीज गेली की सारे पुसले जाई आणि पुन्हा पहिल्या स्विचपासून सुरुवात करावी लागे. यात कायमचे बसवणे असे काही नव्हते. भाषा दर वेळी पाहुण्यासारखी यायची आणि जायची.

फितीची प्रत काढणे मात्र सोपे होते, आणि कॅलिफोर्नियातल्या हौशी मंडळींच्या क्लबांत अल्टेअर बेसिकच्या प्रती हातोहात फिरल्या. ३ फेब्रुवारी १९७६ ची तारीख असलेल्या उघड पत्रात गेट्स यांनी याबद्दल कडक तक्रार केली. त्याच सुमारास ‘पीपल्स कॉम्प्युटर कंपनी’ या गटाने दुसरी वाट धरली होती. दोन-तीन किलोबाइटमध्ये मावेल असे ‘टायनी बेसिक’ लोकांनी स्वतः लिहावे आणि त्याचा पूर्ण मजकूर छापून एकमेकांना द्यावा, अशी ती कल्पना. त्यातून ‘डॉ. डॉब्ज जर्नल’ हे मासिक निघाले. भाषा विकत घ्यायची वस्तू आहे की वाटून घ्यायची, हा वाद वैयक्तिक संगणकाच्या पहिल्या वर्षातच सुरू झाला आणि पुढच्या प्रत्येक टप्प्यावर तो सोबत राहिला.

१९७७ मध्ये ॲपल २, टीआरएस-८० आणि कमोडोर पेट हे तीन तयार संगणक बाजारात आले आणि स्विचांचा खटाटोप एका झटक्यात संपला. भाषा कारखान्यातच रॉम चिपमध्ये कोरलेली होती. बटण दाबले की पडद्यावर बेसिक हजर, वीज गेली तरी ती चिपमध्ये शाबूत. १९६४ साली डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कुर्ट्झ यांनी विज्ञानशाखेबाहेरच्या विद्यार्थ्यांना डोळ्यांसमोर ठेवून आखलेली ही भाषा अशी लाखो घरांत पोहोचली. नवख्याला भाषा बसवण्याचा काहीच त्रास नसावा, हे उद्दिष्ट त्या पिढीच्या यंत्रांनी जितके पूर्ण साधले तितके नंतर कोणाला साधलेले नाही. त्याची किंमतही होती. यंत्र बनवणाऱ्याने निवडलेली भाषाच वापरायची. तिच्यात दोष निघाला तर चिप बदलण्यावाचून उपाय नाही, आणि दुसरी भाषा हवी असेल तर तिला आत शिरायला दार नाही.

ते दार उघडण्याचे प्रयत्न वाचण्यासारखे आहेत. ॲपलने १९७९ मध्ये पास्कल भाषा आणली तेव्हा तिला बेसिकची रॉम ज्या पत्त्यांवर बसली होती तीच जागा हवी होती. म्हणून १६ किलोबाइट मेमरीचे एक कार्ड काढण्यात आले. ते खाचेत बसवले की रॉम बाजूला सारून त्या पत्त्यांवर साधी मेमरी पुढे येई आणि फ्लॉपीवरून पास्कल तिथे भरता येई. त्याचे नावच ‘लँग्वेज कार्ड’. भाषा बसवण्यासाठी यंत्र उघडून त्यात कार्ड खोचावे लागत होते, आजच्या वाचकाला हे विलक्षण वाटेल. ब्रिटनमध्ये १९८१ साली आलेल्या बीबीसी मायक्रोने याहून सरळ व्यवस्था केली. सोफी विल्सन यांनी लिहिलेले बीबीसी बेसिक त्यात होतेच, शिवाय जादा रॉम चिपांसाठी रिकाम्या खाचा होत्या. पास्कल, लिस्प किंवा बीसीपीएलची चिप विकत आणायची, खाचेत दाबून बसवायची आणि एक छोटी आज्ञा देऊन एका भाषेतून दुसरीत जायचे. अनेक भाषा एकाच यंत्रात शेजारी-शेजारी नांदवण्याची ही सर्वांत जुन्या उदाहरणांपैकी एक तजवीज म्हणावी लागेल. भारतात १९८४ मध्ये केंद्र सरकारने शाळांमध्ये संगणक साक्षरतेचा ‘क्लास’ प्रकल्प सुरू केला तेव्हा हेच बीबीसी मायक्रो निवडले गेले. त्या शाळांतल्या मुलांची प्रोग्रॅमिंगशी पहिली ओळख झाली ती रॉममध्ये बसलेल्या भाषेतून.

ऑगस्ट १९८१ मध्ये आलेल्या आयबीएम पीसीच्या रॉममध्येही बेसिक होते. फ्लॉपी नसेल तर यंत्र थेट त्याच बेसिकमध्ये उघडायचे. पुढे त्याची नक्कल करणाऱ्या कंपन्यांनी बाकी सारे तसेच बनवले, पण रॉममधले बेसिक त्यांना उचलता येईना. त्यामुळे अशा यंत्रांसाठी मायक्रोसॉफ्टने संपूर्ण फ्लॉपीवर राहणारे जीडब्ल्यू-बेसिक दिले. काही नकली पीसींत सुरू करण्याजोगी डिस्क सापडली नाही तर रॉममध्ये बेसिक नसल्याचा संदेश पडद्यावर येई आणि यंत्र थांबे. मूळ यंत्रातली भाषा निघून गेली, पण तिला हाक मारणारी ओळ कितीतरी वर्षे मागे राहिली.

भाषा यंत्राकडून वापरणाऱ्याच्या ताब्यात आली ती फ्लॉपीच्या काळात. पण सुरुवातीचे कंपायलर वापरणे जिकिरीचे होते. संपादकाची फ्लॉपी लावून प्रोग्रॅम लिहायचा, ती काढून कंपायलरची पहिली फ्लॉपी, मग दुसऱ्या फेरीसाठी दुसरी, शेवटी लिंकरची. चूक निघाली की पुन्हा पहिली. किंमत शेकडो डॉलर. बोरलँड कंपनीने नोव्हेंबर १९८३ मध्ये ४९.९५ डॉलरला टर्बो पास्कल आणले आणि हा सगळा जाच मोडून काढला. अँडर्स हेल्सबर्ग यांनी लिहिलेल्या या कंपायलरची मुख्य फाइल चाळीस किलोबाइटांहूनही लहान होती आणि तिच्यातच संपादकही सामावलेला होता. प्रोग्रॅम मेमरीतच कंपाइल होई, चूक असेल तर कर्सर थेट त्या ओळीवर जाऊन थांबे. बसवायचे म्हणजे दोन-चार फाइलींची प्रत काढायची, एवढेच. परवान्याची भाषाही सरळ होती. हे सॉफ्टवेअर पुस्तकासारखे वापरा, म्हणजे एका वेळी एकाने.

१९८३ च्याच मार्चमध्ये आयबीएमने १० मेगाबाइटची हार्ड डिस्क असलेला पीसी एक्सटी आणला आणि सोबत डॉस २.० ही ऑपरेटिंग सिस्टिम आली. भाषा आता यंत्रात कायमची राहायला आली, आणि लगेच पत्त्याचा प्रश्न उभा राहिला. डॉसच्या या आवृत्तीत फोल्डर आले आणि युनिक्सच्या वळणावर पाथ नावाची सोय आली. वापरणाऱ्याने आज्ञा टाइप केली की डॉस आधी चालू फोल्डर पाही, मग पाथमध्ये नोंदवलेली फोल्डर ज्या क्रमाने लिहिली असतील त्या क्रमाने धुंडाळी, आणि जे पहिले सापडेल ते चालवी. क्रमाचा हा नियम दिसायला किरकोळ आहे, पण भाषांच्या व्यवस्थापनाचा सारा पुढचा इतिहास त्याच्याभोवती फिरतो. दोन कंपायलर असले तर ज्याचे फोल्डर यादीत आधी तो चालणार. त्यात डॉसची आज्ञा १२७ अक्षरांपलीकडे जाऊ शकत नसे, त्यामुळे चार-पाच भाषा बसवणाऱ्याला यादी पुरत नसे. मग प्रत्येक भाषेसाठी वेगळी बॅच फाइल करून, काम बदलले की पाथ बदलण्याची युक्ती लोकांनी काढली. तीस वर्षांनंतरच्या साधनांनी फार वेगळे काही केले नाही.

महाराष्ट्राच्या महाविद्यालयांत ही कहाणी टर्बो सीच्या रूपाने आली आणि कल्पनेपलीकडे टिकली. बोरलँडचे टर्बो सी १९८७ मध्ये निघाले आणि त्यामागून टर्बो सी++. ते बसवण्याची रीत लॅबमध्ये एका विद्यार्थ्याकडून दुसऱ्याकडे तोंडीच जात असे : सी ड्राइव्हवर टीसी नावाचे फोल्डर करायचे, त्यात सगळे कॉपी करायचे, मग ऑप्शन्समध्ये जाऊन इन्क्लूड आणि लिब यांचे पत्ते घालायचे. हे पत्ते चुकले की प्रोग्रॅमच्या पहिल्याच ओळीवर कंपायलर अडे आणि हेडर फाइल उघडता येत नाही म्हणून सांगे. फोल्डर डी ड्राइव्हवर हलवणाऱ्या प्रत्येकाला हा संदेश भेटलेला आहे. भाषा यंत्रात असणे आणि तिला तिच्या फाइली सापडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा धडा हजारो मुलांनी तिथेच गिरवला. नागपूरच्या यशवंत कानेटकर यांच्या ‘लेट अस सी’ या पुस्तकाच्या सुरुवातीच्या आवृत्त्याही टर्बो सी समोर ठेवूनच लिहिलेल्या होत्या, आणि ते पुस्तक तर देशभर चालले. ६४ बिटांच्या विंडोजने १६ बिटांचे डॉस प्रोग्रॅम चालवणे बंद केले, तरी अभ्यासक्रम आणि प्रात्यक्षिकाच्या वह्या टर्बो सीच्या निळ्या पडद्यावरच बेतलेल्या होत्या. मग जुन्या डॉसची नक्कल करणाऱ्या डॉसबॉक्समध्ये टर्बो सी चालवण्याची सोय शोधली गेली. विद्यार्थ्यांचे यात नुकसान झाले. १९९८ मध्ये सी++ चे आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरले, पण त्यानंतरही कित्येक तुकड्या प्रमाणाआधीची सी++ शिकून बाहेर पडल्या. बसवायला सोपे आणि हाताशी असलेले साधन शिक्षणाला किती घट्ट बांधून ठेवते, याचे हे ठळक उदाहरण आहे.

विंडोजच्या काळात भाषांची बांधणी आणखी गुंतागुंतीची झाली. १९९१ मध्ये आलेल्या व्हिज्युअल बेसिकमधला प्रोग्रॅम चालायला एक सामायिक रनटाइम फाइल लागे. अशा सामायिक लायब्ररी विंडोजच्या सिस्टिम फोल्डरमध्ये एकत्र राहत. एका सॉफ्टवेअरच्या इन्स्टॉलरने तिथली फाइल बदलली की दुसरेच सॉफ्टवेअर बंद पडे, आणि का बंद पडले हे कळायला मार्ग नसे. २००२ च्या डॉट नेटमध्ये मायक्रोसॉफ्टने एकाच लायब्ररीच्या अनेक आवृत्त्या शेजारी-शेजारी ठेवण्याची सोय केली, तेव्हा हा त्रास बराच ओसरला. जानेवारी १९९६ मध्ये आलेल्या जावाने विंडोज, युनिक्स असा भेद मिटवला, पण लायब्ररींच्या पत्त्यांची यादी क्लासपाथ या नावाने तशीच ठेवली.

दुसऱ्या बाजूला मोफत आणि खुल्या साधनांची परंपरा आकाराला येत होती. रिचर्ड स्टॉलमन यांच्या जीसीसी कंपायलरची पहिली आवृत्ती मार्च १९८७ मध्ये निघाली. डीजे डेलोरी यांनी तो डॉसवर आणला, आणि १९९१ नंतर लिनक्सबरोबर तो घरगुती पीसीवर स्थिरावला. लिनक्सवर सुरुवातीला बहुतेक साधने मूळ मजकुरावरून स्वतः कंपाइल करावी लागत. डेबियन आणि रेड हॅट या लिनक्सच्या वितरकांनी पॅकेजची पद्धत आणली, आणि मार्च १९९९ मधल्या डेबियन २.१ सोबत आलेल्या ॲप्टने एका आज्ञेसरशी कंपायलर आणि त्याला लागणारे सारे काही उतरवून घ्यायला सुरुवात केली. भारतात मात्र उतरवून घेणे ही फार काळ चैनच होती. विदेश संचार निगमची इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली, पण टेलिफोनवरून मोठी फाइल आणणे वेळखाऊ आणि महाग होते. त्यामुळे १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘पीसीक्वेस्ट’सारख्या मासिकांसोबत येणाऱ्या लिनक्सच्या सीडी हेच अनेकांसाठी या जगाचे दार ठरले.

पॅकेजच्या पद्धतीने भाषेचा ताबा ऑपरेटिंग सिस्टिमकडे गेला. त्याच सुमारास भाषांनी स्वतःची कोठारेही उभारली. पर्ल भाषेचे सीपॅन ऑक्टोबर १९९५ मध्ये जाहीर झाले. जगभरच्या लोकांनी लिहिलेली मॉड्यूल एका जागी, त्यांच्या प्रती अनेक देशांतल्या सर्व्हरवर, आणि एक आज्ञा दिली की मॉड्यूल येऊन, तपासले जाऊन, बसते. हा नमुना पुढे अनेक भाषांनी उचलला : आर भाषेचे क्रॅन, रुबीचे जेम्स, जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडचे एनपीएम. पण आता यंत्रात दोन कारभारी झाले. ऑपरेटिंग सिस्टिम आपल्या हिशेबाने भाषा ठेवत होती आणि भाषेचे स्वतःचे साधन आपल्या हिशेबाने त्याच फोल्डरांत भर घालत होते.

हा संघर्ष सर्वांत तीव्रपणे पायथनने अनुभवला, म्हणून त्याच्याकडे थोडे थांबून पाहायला हवे. गिडो व्हॅन रोसम यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेली ही भाषा लिनक्स वितरकांना इतकी आवडली की त्यांनी आपली साधनेच तिच्यात लिहिली. रेड हॅटमधला यम हा पॅकेज व्यवस्थापक पायथनमध्ये होता. कोणी नव्या आवृत्तीच्या हौसेपायी सिस्टिमचा पायथन बदलला की यम बंद पडायचा, आणि यम बंद म्हणजे दुरुस्तीचे साधनच हातून गेले. शिवाय दोन प्रकल्पांना एकाच लायब्ररीच्या दोन वेगळ्या आवृत्त्या हव्या असल्या तर एकच सामायिक जागा पुरेशी नव्हती. २००७ मध्ये इयन बिकिंग यांनी व्हर्च्युअलएन्व्ह काढले. प्रत्येक प्रकल्पासाठी एक वेगळे फोल्डर, त्यात पायथनकडे नेणारी वाट आणि त्या प्रकल्पापुरत्या लायब्ररी. ते चालू करायचे म्हणजे त्या फोल्डरचा पत्ता पाथच्या सुरुवातीला घालायचा. डॉसच्या बॅच फाइलीमागचे तत्त्व तेच होते. पुढच्या वर्षी त्यांनीच लायब्ररी उतरवून बसवणारे पिप हे साधन दिले. २०१२ च्या पायथन ३.३ मध्ये वेगळ्या फोल्डरची ही पद्धत भाषेतच आली, आणि २०१४ च्या ३.४ पासून पिपही सोबत मिळू लागले.

विंडोजवर पायथन बसवणाऱ्याची अडचण निराळी होती. नमपायसारख्या लायब्ररींचा गाभा सी आणि फोरट्रानमध्ये आहे. त्या मूळ मजकुरावरून बसवायच्या तर मायक्रोसॉफ्टचा नेमक्या आवृत्तीचा सी कंपायलर यंत्रात हवा. तो नसला की पिप एका बॅच फाइलीचे नाव घेऊन थांबे आणि नवखा माणूस तिथेच हात टेके. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील प्रयोगशाळेतले ख्रिस्तोफ गोल्के यांनी अशा शेकडो लायब्ररी आधीच कंपाइल करून वर्षानुवर्षे लोकांना मोफत दिल्या. त्यांच्या या कष्टाळू कामावर किती जणांचे संशोधन उभे राहिले याची गणती नाही. व्हील ही तयार पॅकेजची पद्धत आणि २०१२ मध्ये आलेले कोंडा हे साधन रुळले, तेव्हा हा अडथळा दूर झाला. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने लिनक्स, सी, पायथन यांचे धडे मराठीसह अनेक भारतीय भाषांत तयार केले. इंटरनेट नसलेल्या लॅबमध्येही एका बाजूला धडा लावून दुसऱ्या बाजूला तसेच करत जाता येते. इंग्रजी सूचनांना बिचकणाऱ्या विद्यार्थ्यासाठी हे काम मोलाचे आहे.

पायथन ३ डिसेंबर २००८ मध्ये आले आणि पायथन २ चा आधार १ जानेवारी २०२० ला संपला. मधली अकरा वर्षे दोन्ही भाषा एकाच यंत्रात सोबत राहिल्या. त्यामुळे केवळ लायब्ररींच्या नव्हे, तर खुद्द भाषेच्या आवृत्त्या अदलाबदल करणारी साधने रोजच्या कामाची झाली. रुबीच्या जगात ती आधीच होती : २००९ चे आरव्हीएम आणि २०११ चे आरबीएन्व्ह. नोडसाठी एनव्हीएम २०१० मध्ये आले. एनपीएमने तर लायब्ररी प्रत्येक प्रकल्पाच्या फोल्डरमध्येच ठेवण्याची रीत घातली आणि आवृत्त्यांचे भांडण मुळातच टाळले. कोठारावर अवलंबून राहण्यातला धोका मात्र राहिलाच. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाचे अकरा ओळींचे पॅकेज त्याच्या लेखकाने मागे घेतले आणि जगभरातल्या असंख्य प्रकल्पांची बांधणी काही तास अडली.

सिस्टिमचा पायथन आणि कामाचा पायथन यांच्यातली भिंत शेवटी औपचारिकपणे उभी राहिली ती २०२३ मध्ये. जून महिन्यात आलेल्या डेबियन १२ मध्ये पिपने सिस्टिमच्या जागेत काही बसवायला सरळ नकार दिला आणि वेगळे फोल्डर करण्याची सूचना दिली. जुन्या सवयीच्या लोकांनी कुरकुर केली, पण यमची दुर्दशा पाहिलेल्यांना हा निर्णय पंधरा वर्षे उशिरा आला असेच वाटले असेल. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये निघालेल्या गो भाषेच्या १.२१ आवृत्तीने आणखी पुढचे पाऊल टाकले. प्रकल्पाच्या फाइलीत किमान कोणती आवृत्ती हवी ते लिहिलेले असते. यंत्रातली आवृत्ती तिच्याहून जुनी असेल तर गो स्वतःच हवी ती आवृत्ती उतरवून घेते आणि त्या प्रकल्पासाठी तीच वापरते. शेजारचा प्रकल्प त्याच यंत्रात दुसऱ्या आवृत्तीवर चालू राहतो.